राबिघच्या मामांचा फेटा

तांबड्या समुद्राच्या काठी, राबिघच्या रिफायनरीत, गेल्या तीस वर्षांत जगभरातून जेवढी माणसं कामाला आली त्या प्रत्येकाला मनातल्या मनात एकदा तरी चीत केलेला असा एकच इसम होता, आणि तो माझ्या बायकोचा चुलत मामा होता. इतक्या कुस्त्या मारूनही या माणसाचा चेहरा कायम नुकत्याच हरलेल्या पैलवानासारखा असायचा, हे त्यातलं कोडं. समोर कोरियन इंजिनिअर येवो, इजिप्तचा हिशेबनीस येवो की फिलिपिनो नर्स येवो, मामा आधी मान बघायचे, मग पोटऱ्या, आणि मग सुस्कारा सोडून निकाल द्यायचे. "खांद्यात जोर हाय, पण कमरंत काय न्हाई," हा निकाल कंपनीच्या सौदी साहेबाचा. "ढाक मारली तर दोन मिंटं," हा इकाम्याच्या, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याच्या, कचेरीतल्या अधिकाऱ्याचा, ज्याच्या खिडकीसमोर आम्ही बाकीचे कागद धरून थरथरत उभे असायचो. मी चिपळूणचा, अंगानं बेताचा, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. माझा निकाल मी कॅम्पात बसमधून उतरत असतानाच लागला. "जावईबापू, तुमच्यासंगं कुस्ती धरायची म्हंजे दोरीवरच्या धोतरासंगं धरल्यागत हाय."

हे 'जावईबापू' प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. मला ही नोकरी मामांनी मिळवून दिली. ते पहाड बांधणाऱ्या गँगचे, म्हणजे स्कॅफोल्डिंगचे फोरमन. माझी खाटही त्यांनीच आपल्या खोलीत लावून घेतली. पण भाचीचा नवरा म्हणजे जावई, आणि जावयाचा मान कोल्हापूरकडच्या माणसाला अरबस्तानातही टाळता येत नाही. त्यामुळे सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही ताट घासू दिलं नाही, पहिली भाकरी माझी, पंख्याखालची खाट माझी, सणाला टोपी-टॉवेल माझा. आणि याच मानमरातबात ते मला अखंड शिव्या द्यायचे, त्यासुद्धा आदरार्थी बहुवचनात. "जावईबापू, तुमी बसा, तुमी दमलाईसा. तुमच्याइतका बिनडोक मानूस मी आख्ख्या सौदीत बघितला न्हाई. चहा घेनार न्हवं?"

पहाटे चार वाजता त्यांच्या बैठका सुरू व्हायच्या. दोन खाटांच्या मधल्या हातभर जागेत पाचशे बैठका आणि तीनशे जोर. आमची खोली म्हणजे पत्र्याची, विटांवर ठेवलेली. ती अशी हलायची की शेजारचा मल्याळी वेल्डर पहिल्या आठवड्यात दोनदा भूकंप झाला समजून पासपोर्ट छातीशी धरून बाहेर जाऊन उभा राहिला. पुढे त्याला सवय झाली. इतकी, की सुट्टीत गावी गेला की त्याला पलंग हलल्याशिवाय जागच येईना आणि त्याच्या बायकोला पहाटे उठून पलंग हलवावा लागे, असं तो स्वतः सांगायचा. जोर झाले की रात्री भिजवलेले बदाम वाटून लबनमध्ये, म्हणजे इथल्या ताकात, घालून प्यायचे. बदाम भिजायचे माझ्या चहाच्या मगात. आणि खाटेखाली एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा असायचा, त्यात तालमीतली तांबडी माती. हळद, तेल आणि ताक घालून मळलेली. ती विमानतळावर कशी आणली याची कथा मामा दर वेळी निराळी सांगत. त्यातल्या एकीत कस्टमचा अधिकारी माती दंडाला लावून घेतो आणि पुढच्याच महिन्यात त्याची बढती होते. खरं काय ते त्यांना आणि त्या डब्याला माहीत. मला एवढंच माहीत, की उन्हाळ्यात बाहेर चटके बसायला लागले, रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत आणि आकाश एकाच रंगाची झाली, की मामा डबा उघडून नुसता वास घ्यायचे आणि परत बंद करायचे. लग्न नाही, मूल नाही, गावी सुट्टीला जायचं नाही. बाकीचे दोन वर्षांनी खोके बांधून गावाला पळायचे, मामा आपली सुट्टी कुणाला तरी देऊन टाकायचे.

त्यांना एकच गोष्ट सहन व्हायची नाही: दिलेला विजय. मी हे फार महागात शिकलो. नवा होतो, मामेसासऱ्याचा मान राखावा म्हणून एका शुक्रवारी कॅरममध्ये राणी मुद्दाम सोडली. मामांनी स्ट्रायकर खाली ठेवला, माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांच्या घरात चोरी करताना सापडलो आहे, आणि पुढचे अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मान मात्र चालू. भाकरी माझ्या ताटात यायची, पण मामा एसीकडे बघून म्हणायचे, "मानसानं गरम हाय तवर खावं." एसी बिचारा घरघरायचा. बाराव्या दिवशी मी पाय धरले तेव्हा म्हणाले, "मला दिल्यालं नको, जावईबापू. घेतल्यालं पायजे. हरवायचं असंल तर हरवा, पन सोडू नगासा." त्यानंतर मी त्यांना कधी सोडलं नाही; अर्थात सोडायची वेळही आली नाही, कारण ते दर वेळी खरोखरच जिंकायचे.

आणखी एक. दर शुक्रवारी दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांच्या फोनवर गावाकडून एक फोन यायचा. मामा नंबर बघायचे, कानाला लावायचे, दोन-तीन सेकंद ऐकायचे आणि "राँग नंबर" म्हणून ठेवायचे. सहा वर्षं दर शुक्रवारी तोच राँग नंबर. मी एकदा म्हटलं, "मामा, ब्लॉक करून देऊ का?" तर म्हणाले, "नको. ऱ्हाऊ द्या."

गेल्या हिवाळ्यात मामांना साठ पूर्ण झाली आणि कंपनीनं पत्र दिलं. इकामा पुढे वाढणार नाही, महिनाभरात फायनल एक्झिट. म्हणजे जाण्याचं तिकीट, येण्याचं नाही. पत्र मीच वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "खलास," आणि भाकरी थापायला घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला जाग आली, पण खोली हलत नव्हती. मामा खाटेवर उताणे पडून पत्र्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी शेजारचा मल्याळी दारात येऊन हळूच विचारून गेला, "मामा ठीक है ना? मैं दो दिन ड्यूटी पे लेट गया."

मी घाबरलो. त्याच सुमारास फोनवर जाहिरात दिसली: जेद्दाला मेक्सिकोचे आणि जपानचे पैलवान एकत्र येऊन खेळ करणार. मेक्सिकोचे ते मुखवटे घालून दोरीवरून उड्या मारणारे, ज्याला तिकडे लुचा लिब्रे म्हणतात, आणि जपानचे ते छातीवर फडाफडा चापट्या मारणारे. आता हे सगळं आधी ठरवून करतात हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. कोणी जिंकायचं, कोणी पडायचं, सगळं ठरलेलं. पण मी मामांना एवढंच सांगितलं, "मेक्सिको विरुद्ध जपान, जंगी मैदान आहे." चार दिवसांत पहिल्यांदा मामा उठून बसले. "जोड कशी हाय?" मी म्हटलं, "तोलामोलाची." खोटं बोलायचं तर पूर्ण बोलावं.

शुक्रवारी दुपारी उसन्या कोरोलातून आम्ही निघालो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला काहीच नाही. मामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मांडीवर सुपरमार्केटची पिशवी. पिशवीत एक नारळ आणि एक फेटा. गुलाबी, जरीकाठी, घड्यांवर पिवळा पडलेला. मी बघतोय हे बघून म्हणाले, "जिंकनाऱ्याला बांधनार. आपल्याकडं मैदानात ज्यानं कुस्ती मारली त्येला फेटा बांधत्यात. तिकडं कोन बांधनार त्येला?"

"पण हा जुना दिसतोय, मामा."

"माझा हाय."

मग दीडशे किलोमीटरांत त्यांनी जे सांगितलं ते सहा वर्षांत सांगितलं नव्हतं, आणि तेही समोरच्या काचेकडे बघत, तुकड्यातुकड्यानं. तालमीत त्यांचा एक जोडीदार होता, ज्ञानू. एका वाटीत बदाम, एकाच दोरीवर दोघांचे लंगोट. पस्तीस वर्षांपूर्वीच्या जत्रेत शेवटची कुस्ती या दोघांतच लागली. मामांचे वडील तेव्हा शेवटच्या आजारात होते. त्यांना बाजेवर घालून मैदानाच्या कडेला आणून ठेवलं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं की ज्ञानू भारी आहे. पण अकराव्या मिनिटाला मामांनी पट काढला आणि ज्ञानू चीत झाला. वडिलांनी पडल्या पडल्या फेट्याचं टोक हातात धरलं, तो लोकांनी मामांना बांधला, आणि आठव्या दिवशी वडील समाधानानं गेले. दहाव्याला नदीवर कुणीतरी म्हणालं, ज्ञानूनं बापासाठी कुस्ती सोडली रे, नुरा होती.

नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. आमच्याकडे पैलवानाला याहून मोठी शिवी नाही.

"इचारलं त्येला. 'न्हाई' असं काय म्हनला न्हाई," मामा म्हणाले. "माझ्या बापाला फसवून पाठीवलं वर. आनि मला भीक घातली. त्या दिवसापास्नं मी मातीत पाय ठेवला न्हाई, त्येच्यासंगं बोललो न्हाई. मग हिकडं आलो." मग पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "ह्यो फेटा घालवत न्हाई आनि फेकवत न्हाई. बापाचा हात लागलाय. आता सांगलीला एक खोली बघतो आन् ऱ्हातो, गावात जायचंच न्हाई. पन ह्यो संगं न्यायचा न्हाई. खऱ्या जिंकनाऱ्याच्या डोक्याला बांधला की माझं मी सुटलो."

गाडी वळवायला हवी होती. पण त्या रस्त्याला वळायची जागा वीस वीस किलोमीटर येत नाही, आणि मला धीर त्याहून कमी. मी एसी वाढवला.

दारातल्या पहारेकऱ्यानं नारळ काढून घेतला. त्याला ते हत्यार वाटलं. मामांनी त्याची मान बघितली आणि रागावले नाहीत. "गडी हुशार हाय." आत दिव्यांचा लखलखाट, थोब, म्हणजे पांढरे पायघोळ झगे, घातलेले बाप आणि मुखवटे घातलेली त्यांची लेकरं, फिलिपिनो टोळ्या, आणि मधोमध दोऱ्या बांधलेला चौकोन. "गादीची हाय व्हय," मामा म्हणाले. मातीऐवजी गादीवरची कुस्ती त्यांना नापसंत, पण देश परका म्हणून त्यांनी ते पोटात घातलं. मग पहिला मुखवटेवाला आला. "त्वांड का झाकलंय? कर्जबाजारी हाय का?" तो धावत जाऊन दोरीवर आदळला आणि परत आला. "दोरीकडं काय ठेवलंय तिथं? गडी हिकडं हाय!" दुसऱ्यानं लाथ मारली. मामा उभे राहून पंचाला ओरडले, मराठीत. पंचानं ऐकलं नाही. तिसऱ्या कुस्तीत एकानं दुसऱ्याला हवेत उचललं आणि ज्याला उचललं त्यानंच वर जाण्यासाठी हळूच उडी मारली.

मामा खाली बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू. ही नुरा हाय."

मी तिकिटाची घडी घातली.

"तुमाला म्हाईत हुतं?"

"थोडंफार."

मी आयुष्यात खूप शिव्या खाल्ल्या आहेत, बहुतेक मामांच्याच. त्या वेळी त्यांनी एकही दिली नाही. एसीकडे बघूनसुद्धा बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि उठायला गेले, तर गुडघा आखडला. तीस वर्षं पहाडावर चढलेला गुडघा, त्यानं त्या क्षणी काम सोडलं. मी हात दिला, तो त्यांनी बाजूला केला. आणि अशा रीतीनं, निव्वळ गुडघ्यामुळे, मामांनी शेवटची कुस्ती बघितली.

एका बाजूला सोनेरी मुखवट्याचा मेक्सिकन, चिमणीएवढा हलका. दुसऱ्या बाजूला पन्नाशीला आलेला जपानी, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, कान चुरगळलेले. ते कान बघून मामा जरा पुढे झुकले. असे कान मातीत रगडल्याशिवाय होत नाहीत, त्यांचेही तसेच आहेत. खेळ रंगला. जपानी चौकोनाबाहेर पडला, आणि सोनेरी मुखवटा सगळ्यात वरच्या दोरीवर चढला आणि तिथून त्यानं खाली, डोकं पुढे करून, स्वतःला फेकून दिलं. सगळी माणसं ओरडली. मीही ओरडलो. फक्त मामा ओरडले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं, असं की चार दिवस वळ होता.

"बघितलंसा?"

"काय?"

"ह्या जपान्यानं अर्धं पाऊल मागं घेतलं. छाती दिली. आनि हात मानंखाली घातला त्येच्या. त्यो काय ह्येच्यावर पडला न्हाई, ह्येनं झेलला त्येला. न्हाईतर मान मोडली असती." मग पुढची दहा मिनिटं मामांनी सोनेरी मुखवट्याकडे बघितलंच नाही. ते फक्त त्या जपान्याला बघत होते. तो दर वेळी मार खायचा, आपटायचा, आणि आपटताना समोरच्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघायचा. "पडनाऱ्याकडं बघा, जावईबापू," मामा पुटपुटले. "समदं काम त्योच करतुय." शेवटी त्याचे खांदे गादीला लागले, पंचानं तीन मोजले आणि दिव्यांचा, टाळ्यांचा, मुखवट्यांचा सगळा लोंढा सोनेरी पैलवानाकडे गेला.

जपानी आमच्या बाजूच्या वाटेनं एकटा लंगडत चालला होता. मामा कठड्याला उभे. पिशवीतून फेटा काढलेला, हातात घडी. मला वाटलं, आता बांधतात. जपानी थांबला. मामांनी वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, छातीला लावला, जशी आखाड्यात सलामी देतात तशी. जपान्यानं त्यांच्या कानांकडे बघितलं आणि कमरेत खोल वाकला. मग तो गेला. फेटा मामांच्या हातातच होता.

"का नाही बांधला?" मी गाडीत विचारलं.

"ह्यो त्येचा न्हाई," मामा म्हणाले. रस्त्यात बराच वेळ गेल्यावर पुन्हा म्हणाले, "माझाबी न्हाई." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांचं नाक वाजत होतं, आणि जावयासमोर मामेसासऱ्याचं नाक वाजलं तर जावयानं रस्ता बघावा.

पुढच्या शुक्रवारी राँग नंबर आला तेव्हा मामांनी फोन ठेवला नाही. पलीकडे ज्ञानूची सून होती. सहा वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला होता. तेव्हापासून दर शुक्रवारी ती फोन लावायची आणि त्याच्या कानाशी धरायची, कारण वाचा जाण्यापूर्वी त्यानं तेवढंच सांगून ठेवलं होतं. म्हणजे मामा दर आठवड्याला ते दोन-तीन सेकंद जे ऐकायचे, तो त्याचा श्वास होता. आणि मला आता असं वाटतं की मामांना ते माहीत होतं. पण त्या दिवशीही त्यांना काही बोलता आलं नाही. दहा मिनिटं दोन पैलवान एकमेकांचा श्वास ऐकत बसले. शेवटी मामा म्हणाले, "यल्ला... येतो." यल्ला म्हणजे चला; अरबी आणि मराठी एकत्र.

मग जो माणूस जायचं नाव काढत नव्हता तो रोज कचेरीत जाऊन आपली एक्झिट लवकर करा म्हणून भांडू लागला. कचेरीतल्या माणसानं सांगितलं, कागद यायला अजून अकरा दिवस. मामांनी त्याची मान बघितली, पोटऱ्या बघितल्या, आणि निकाल न देता परत आले. अकरा दिवस मी त्यांना खोलीत येरझाऱ्या घालताना बघितलं. बैठका नाहीत. जेद्दाच्या विमानतळावर त्यांनी मातीचा डबा माझ्या हातात दिला. "तिकडं हाय की माती," म्हणाले. "तुमी जोर मारत जावा. धोतराला जरा खळ बसंल."

ते पोचले तेव्हा ज्ञानू अजून होता. मी फोनवर अधीर होऊन विचारलं, "ओळखलं का?"

"कुठलं वळखतंय! मला दवाखान्यातला मानूस समजला, सुई टोचंल म्हनून हात मागं घेतला." मग म्हणाले, "पन फेटा उलगडला तशी मान म्होरं केली. आपसूक. फेटा बांधताना करत्यात तशी." मामांनी पस्तीस वर्षांच्या घड्यांसकट तो त्याला बांधला. सुनेनं फोटो काढून पाठवला. त्यात ज्ञानूची मान जरा कलती आहे आणि बाजूला मामांचा फक्त एक हात दिसतो, ती मान खालून धरलेला.

सांगलीची खोली राहिलीच. मामा गावातच आहेत, आता दर शुक्रवारी त्यांचा फोन मला येतो. माझ्या खोलीत अमरावतीचा एक सज्जन इंजिनिअर राहायला आला आहे. तो स्वतःचं ताट घासतो आणि मलाही माझं घासायला सांगतो. पहाटे चारला मला अजून जाग येते. खोली हलत नाही. शेजारी मल्याळ्यानं कूस बदलल्याचा आवाज पत्र्यातून येतो, म्हणजे तोही जागाच असतो. मग मी खाटेखालून डबा काढतो, वास घेतो आणि बंद करतो. जोर काही मारवत नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वीचा फोन शुक्रवारचा नव्हता, मंगळवारचा होता. ज्ञानू गेला. मामा सगळं सरळ सांगत होते: फेटा डोक्यालाच ठेवला, खांदा द्यायला चौघं होते, पुढच्या उजव्या बाजूला ते स्वतः, गुडघा आखडला तरी सोडलं नाही.

"लई जड हुता वो, जावईबापू," मामा म्हणाले. "आजारानं निम्मा झाल्याला, तरी चौघांना उचलंना. आनि त्या कुस्तीच्या वक्ताला तर भरात हुता. असला गडी माझ्यानं पडलाच कसा, हे मला तवाच कळाय पायजे हुतं."